मोजणी बारीक करण्याआधी टेबल पाहा

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजायच्या कोणत्या पद्धतीत जास्त दम आहे, हे मला अलीकडे वारंवार विचारलं जातं. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवलं. त्यातले बरेच जण आता पुण्यात आणि बंगळुरात संगणकावर काम करतात, जोडून सुट्टी आली की गोव्याला जातात आणि कुठल्या तरी शिकवणीतून पैसे मोजून घेतलेला तक्ता मला पाठवतात. तक्त्यात आठ-दहा पद्धतींची नावं आणि त्यांच्यापुढे दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे. ‘मॅडम, हाय-लो आता जुनी झाली ना? त्यापेक्षा हाफ्स शिकू का?’

माझं उत्तर ठाम आहे. पद्धत बदलून मिळणारा फायदा नखाएवढा असतो. चुकीच्या टेबलावर बसून होणारा तोटा हातभर असतो. हे ज्यांना माहीत आहे आणि तरीही जे तरुण मुलांना आधी पद्धतींचे तक्ते विकतात, त्यांचा मला मनापासून राग येतो.

आधी मोजणीबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. पत्ते मोजणं ही लबाडी नव्हे. मेंढीकोट खेळणाऱ्या कुठल्याही घरात मोजणी चालतेच. तीन दश्श्या पडल्या, चौथी कुणाकडे असेल, हुकमाची किती पानं अजून यायची आहेत, हे डोक्यात ठेवल्याशिवाय तो डाव साधत नाही. ब्लॅकजॅकमधली मोजणी त्याच जातीची. फाशाला किंवा रूलेटच्या चाकाला मागच्या फेरीची आठवण नसते. पत्त्यांच्या कॅटला असते, कारण गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही आणि उरलेल्या पत्त्यांचा कस दर डावाला बदलत जातो.

खेळ सोपा आहे. खेळणारा डीलरविरुद्ध खेळतो. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडली की गेला. चित्रांची पानं दहाची, एक्का एकचा किंवा अकराचा. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा जमले की ब्लॅकजॅक, त्याला लावलेल्या पैशांच्या दीडपट मिळतात. डीलरला स्वतःची मर्जी नसते. सोळापर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, सतराला थांबावं लागतं. आता उरलेल्या कॅटमध्ये मोठी पानं जास्त असतील तर काय होईल पाहा. ब्लॅकजॅक दोघांनाही सारखेच येतील, पण दीडपट फक्त खेळणाऱ्याला मिळते. डीलर चौदा-पंधरावर अडकला की त्याला पान घ्यावंच लागेल आणि ते बहुधा मोठं निघून तो उडेल. खेळणाऱ्याने अकरावर पैसे दुप्पट केले असतील तर त्याला हवं ते पान येण्याची शक्यता वाढेल. मोजणीचं सगळं गणित या तीन-चार कारणांवर उभं आहे.

कोणतं पान किती महत्त्वाचं, हे कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या पीटर ग्रिफिन यांनी ‘द थिअरी ऑफ ब्लॅकजॅक’ या १९७९ च्या पुस्तकात मांडलं. एका कॅटमधून एक पंजी काढून ठेवली तर खेळणाऱ्याची बाजू सुमारे ०.६९ टक्क्याने सुधारते. चव्वी काढली तर ०.५५, छक्की ०.४६, तिर्री ०.४४, दुर्री ०.३८, सत्ती ०.२८. अठ्ठी गेली काय, राहिली काय, फरक जवळपास शून्य. नव्वी गेली की ०.१८ ने बिघडतं, दहाच्या किमतीचं पान गेलं की ०.५१ ने आणि एक्का गेला की ०.६१ ने. ‘प्रगत’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक पद्धत म्हणजे या दहा आकड्यांना माणसाच्या डोक्यात मावतील असे गुण देण्याचा प्रयत्न आहे. त्यापलीकडे तिच्यात काही गूढ नाही.

या विद्येचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो बहुतांशी सोपेपणाकडे जाणारा आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या मेरीलँडमधल्या ॲबरडीन इथल्या लष्करी तळावर बाल्डविन, कँटी, मायझेल आणि मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हिशेब करून, कोणत्या हाताला काय करावं याचं पहिलं शास्त्रशुद्ध कोष्टक अमेरिकन संख्याशास्त्रीय संघटनेच्या नियतकालिकात छापलं. आमच्या विषयाचं हे मानाचं नियतकालिक. मग एमआयटीतले एडवर्ड थॉर्प पुढे आले. त्यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर ठरावीक पानं काढून टाकली तर काय होतं ते तपासलं आणि १९६१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्याने दिलेले दहा हजार डॉलर घेऊन ते रेनोला गेले आणि अकरा हजारांच्या आसपास जिंकून आले. १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे त्यांचं पुस्तक निघालं.

त्या पुस्तकातली मुख्य पद्धत होती दहांच्या मोजणीची. कॅटमध्ये दहाच्या किमतीची १६ पानं आणि बाकीची ३६. दोन्ही आकडे वेगवेगळे खाली मोजत जायचे आणि दर डावाला एकाला दुसऱ्याने भागायचं. सुरुवातीला भागाकार २.२५, तो दोनच्या खाली आला की पैसे वाढवायचे. डोक्यात दोन घटते आकडे आणि वर भागाकार, तेही गोंगाटात, डीलरच्या हाताच्या वेगाने. फार थोड्यांना ते जमलं. १९६३ मध्ये हार्वे डबनर यांनी त्याहून सोपी वाट दाखवली. दुर्रीपासून छक्कीपर्यंत अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दहाच्या पानांना आणि एक्क्याला उणे एक. हीच हाय-लो. आयबीएमच्या ज्युलियन ब्रॉन यांनी तिची आकडेमोड पक्की केली आणि १९६६ च्या आवृत्तीत थॉर्प यांनी तीच पुढे केली. म्हणजे या विद्येच्या जनकानेच आपली अवघड पद्धत बाजूला ठेवून दुसऱ्याची सोपी पद्धत स्वीकारली. माझ्या विद्यार्थ्यांना तक्ता विकणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरी सांगितली असती तरी पुष्कळ झालं असतं.

सत्तरच्या दशकात वारं उलटं फिरलं. स्टॅनफर्ड वाँग यांच्या हाफ्समध्ये दुर्री आणि सत्तीला अर्धा, तिर्री-चव्वी-छक्कीला एक, पंजीला दीड, नव्वीला उणे अर्धा, दहा आणि एक्क्याला उणे एक. ग्रिफिन यांच्या आकड्यांशी ही पद्धत फार जवळून जुळते. हाय-ऑप्टच्या दोन पद्धती आल्या, पुढे ओमेगा दोन आली. हाय-ऑप्ट दोन आणि ओमेगा दोनमध्ये गुण एक-दोन असे चढते, आणि तिन्हींत एक्क्याला शून्य. एक्के वेगळे मोजायचे, म्हणजे डोक्यात दुसरा आकडा. १९८३ मध्ये अरनॉल्ड स्नायडर यांनी रेड सेव्हन काढून वारं पुन्हा सोपेपणाकडे वळवलं. हाय-लोमध्ये लाल सत्तीला तेवढा एक गुण द्यायचा, की पुढे सांगणार आहे त्या भागाकाराची गरजच बरीचशी संपते. नव्वदच्या दशकात व्हँकुरा आणि फ्युक्स यांची नॉक-आउट आली, तीही याच वळणाची.

आता तक्त्यातले ते दोन दशांश. ते काय सांगतात? आम्ही बारावीनंतर शिकवतो तो सहसंबंध गुणांकच तो. पैसे कमी-जास्त करण्याच्या कामी हाय-लोचा गुणांक ०.९७, हाफ्सचा ०.९९, हाय-ऑप्ट एकचा ०.८८. हाती आलेली पानं कशी खेळावी या कामी मात्र हाय-लोचा आकडा ०.५१, हाय-ऑप्ट एकचा ०.६१, हाय-ऑप्ट दोन आणि ओमेगा दोनचा ०.६७. एकाच पद्धतीला दोन्हीकडे अव्वल येता येत नाही आणि याचं कारण एक्का. पैसे लावताना एक्का सगळ्यात मौल्यवान, कारण त्याच्याविना ब्लॅकजॅक नाही. पण हातात सोळा असताना ‘पान घेऊ की थांबू’ या प्रश्नात तोच एक्का एकचा होऊन लहान पानासारखा वागतो. मोजताना त्याला मोठ्यांत बसवा की लहानांत, एका बाजूला चूक होणारच. हा पेच मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मी त्यावर वर्गात पूर्ण तास घेत असे.

पण सुंदर असणं वेगळं आणि फायद्याचं असणं वेगळं. एक कॅट हातात धरून वाटतात त्या खेळात पानं कशी खेळावी याला वजन असतं. आज बहुतेक ठिकाणी सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून पेटीतून वाटतात आणि तिथे जवळपास सगळी कमाई पैसे कधी वाढवायचे यातून येते. तिथे हाय-लोवरून हाफ्सवर उडी मारली तर ०.९७ चे ०.९९ होतात. हाय-लोने पैसे कमी-जास्त करून शंभर रुपये मिळाले असते तर हाफ्सने एकशे दोन मिळतील. त्या दोन रुपयांसाठी अर्ध्या-दीडाची बेरीज तासन्‌तास करायची आणि एकही चूक होऊ द्यायची नाही.

चुका होतात. वर्गात मी कॅट घेऊन जायचे आणि मुलांना उलटत मोजायला लावायचे. पूर्ण कॅट संपला की बेरीज शून्य यायला हवी, त्यामुळे चूक लपत नाही. एक मुलगी यात फार तरबेज होती. ती दोन-दोन पानं एकदम उलटायची. राजा आणि छक्की एकत्र दिसली की दोन्ही कटली, बेरीज करायचीच नाही. दोन चव्व्या आल्या की ओठ हलायचे, अधिक दोन. अर्ध्या मिनिटाच्या आत तिचा कॅट संपायचा आणि शून्य यायचं. मग तिला हाफ्स दिली, अपूर्णांक नकोत म्हणून सगळे गुण दुप्पट करून. पंजीला तीन, तिर्रीला दोन, दुर्रीला एक, राजाला उणे दोन. आता जोड्या पटकन कटेनात. राजा आणि छक्की कटायची, पण राजा आणि पंजीचा एक उरायचा, राजा आणि दुर्रीचा उणे एक. वेळ वाढला आणि शेवटी कधी दोन, कधी उणे एक यायला लागलं. ही शांत वर्गातली गोष्ट, समोर पैसे नाहीत, शेजारी कुणी बोलत नाही. पेटीच्या मध्यावर घसरलेली बेरीज तुमच्या लक्षातही येत नाही आणि पुढची सगळी पेटी तुम्ही चुकीच्या आकड्यावर पैसे लावता.

नुसती बेरीज पुरतही नाही. अधिक सहा ही बेरीज तीन कॅट उरले असताना फारशी मोठी नाही, एक कॅट उरला असताना खूप मोठी आहे. म्हणून तिला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं, म्हणजे खरा आकडा मिळतो: पहिल्या वेळी दोन, दुसऱ्या वेळी सहा. ढोबळमानाने या खऱ्या आकड्यातला एक वाढला की खेळणाऱ्याची बाजू अर्ध्या टक्क्याने सुधारते. उरलेले कॅट मात्र नजरेने ताडायचे असतात, बाजूच्या ट्रेमध्ये साठलेल्या वापरलेल्या पानांची उंची पाहून. नलोपाख्यानातला ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगतो आणि तेच त्याचं द्यूतातलं ज्ञान, अक्षहृदय, तो पुढे नळाला देतो. अंदाजाने मोजता येणं आणि द्यूत कळणं यांची सांगड आपल्या महाभारतात घातलेली आहे, ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. अर्ध्या कॅटचा नजरेचा अंदाज चुकला तर हाफ्सचे ते दोन रुपये कधीच वाहून गेलेले असतात.

दुसरी सुधारणा म्हणजे आकड्यानुसार खेळ बदलणं. कोष्टक सांगतं, हातात सोळा आणि डीलरचं उघडं पान दहाचं असेल तर पान घे, पण खरा आकडा शून्याच्या वर असेल तर थांबणं बरं. अशा दीडशे-दोनशे जागा लोक पाठ करत. डॉन श्लेसिंजर यांनी १९८६ मध्ये दाखवलं की त्यातल्या अठराच जागा एकूण फायद्यातला चार-पंचमांशाच्या आसपास वाटा देतात, आणि त्या अठरांत सगळ्यात मोठा वाटा इन्शुरन्सचा. हे संशोधन मी या विषयातलं सगळ्यात उपयोगी मानते. इन्शुरन्सचा हिशेब तर शाळेतलं मूलही करेल. डीलरचा एक्का दिसतो आहे, तेव्हा वेगळी पैज लावायची; त्याचं झाकलेलं पान दहाचं निघालं तर दुप्पट मिळतात. म्हणजे तीनांत एकदा तरी दहा निघायला हवं. नव्या कॅटमध्ये तो एक्का सोडला तर ५१ पानांत दहाची १६, म्हणजे ३१.४ टक्के. हवेत ३३.३. म्हणून एरवी हा तोट्याचा सौदा, आणि हाय-लोचा खरा आकडा तीन झाला की फायद्याचा. उरलेल्या दीडशे जागा पाठ करण्यात घालवलेला वेळ मला वाया गेलेला वाटतो.

आता हातभर तोट्याकडे येते. न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीकडे गेले होते तेव्हा आम्ही एक दिवस अटलांटिक सिटीला गेलो. तिथे एका कॅसिनोत मी हिरव्या कापडावरची अक्षरं वाचत टेबलांमधून हिंडले. कमी पैशांत बसता येईल अशा टेबलांवर लोकांची गर्दी होती आणि कापडावर छापलं होतं की ब्लॅकजॅकला पाचास सहा मिळतील. थोड्या अंतरावर, जास्त पैसे लावावे लागणाऱ्या टेबलांवर, दोनास तीन. गर्दीतलं कुणी ती अक्षरं वाचताना दिसलं नाही. हजार रुपये लावले असते तर पहिल्या टेबलावर ब्लॅकजॅकचे बाराशे, दुसऱ्यावर पंधराशे. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो आणि कधीकधी डीलरलाही आला म्हणून तो फुकट जातो, म्हणजे बावीसेक डावांमागे तीनशे रुपये गेले. दर हजारामागे दर डावाला तेरा-चौदा रुपये. चांगल्या नियमांच्या टेबलावर कोष्टकानुसार खेळणाऱ्याचा एकूण तोटा हजारामागे पाचेक रुपये असतो. एका ओळीतल्या दोन आकड्यांनी तो जवळजवळ चौपट झाला. तो भरून काढणारी मोजणी जगात कुणी शोधलेली नाही.

दुसरी गोष्ट, पेटी कुठे कापतात. डीलर पेटीत एक रंगीत पान खोचतो, तिथवर आलं की पुन्हा पिसतो. मी हाय-लोसाठी सहा कॅटचा हिशेब मांडून पाहिला. तीन कॅट वाटून झाल्यावर खऱ्या आकड्याचं प्रमाण विचलन २.६ येतं, पाच कॅट वाटून झाल्यावर ५.८. म्हणजे जो डीलर तीन कॅटवर पिसतो, त्याच्यासमोर मोठे आकडे क्वचितच दिसणार आणि पैसे वाढवायची वेळच येणार नाही. दुपटीहून मोठा हा फरक आहे, आणि शिकवण्या ०.०२ च्या फरकावर प्रकरणं लिहितात. दर डावानंतर पानं पुन्हा आत ओढणारं पिसण्याचं यंत्र असेल तर मोजणी संपलीच. वाँग यांचं खरं मोठेपण मला हाफ्समध्ये दिसत नाही. मागे उभं राहून मोजावं, आकडा चढला की बसावं, उतरला की उठावं, हे त्यांनी सांगितलं त्यात दिसतं. ती टेबल निवडण्याचीच विद्या.

आणि हे सगळं जमलं तरी? समजा तुम्हाला सरासरी एक टक्क्याची आघाडी मिळाली, जी फार चांगली झाली, आणि दर डावाला सारखेच पैसे लावले. एका डावाचं प्रमाण विचलन लावलेल्या पैशांच्या १.१५ पट धरा. शंभर डावांत अपेक्षित कमाई एका डावाचे पैसे, आणि चढउतार साडेअकरा डावांचे. दहा हजार डाव खेळा: अपेक्षित कमाई शंभर, चढउतार एकशे पंधरा. म्हणजे एकही चूक न करता दहा हजार डाव खेळलेल्या दर पाच जणांतला एक जण तेव्हाही तोट्यात असेल. म्हणून तर थॉर्प यांनी बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांच्या १९५६ च्या सूत्रावर भर दिला. एक टक्का आघाडी असताना ते सूत्र गाठीशी असलेल्या रकमेच्या पाऊण टक्क्याच्या आसपासच लावायला सांगतं. गोव्याच्या एका रात्रीसाठी खिशात पन्नास हजार घेऊन निघालेल्या मुलाने या हिशेबाने डावाला पावणेचारशे रुपये लावायला हवेत. एवढ्या कमी रकमेत तिथे बसू देतात का, हे त्याने आधी विचारून पाहावं.

कॅसिनोवाल्यांना हे सगळं चांगलं ठाऊक आहे. १९६४ मध्ये लास व्हेगासने घाबरून नियमच कडक केले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा काही आठवड्यांत ते मागे घेतले. पुढे मोजणाऱ्यांना बाहेर काढणं सुरू झालं. अल फ्रान्सेस्को यांनी मोजणारे वेगळे आणि पैसे लावणारा वेगळा अशी टोळी बांधली. त्यातले केन अस्टन हे आधी पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजचे वरिष्ठ उपाध्यक्ष होते. अटलांटिक सिटीत मज्जाव झाल्यावर ते न्यायालयात गेले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की, केवळ मोजतो म्हणून माणसाला कॅसिनोने परस्पर हाकलता येणार नाही, तसा नियम करण्याचा अधिकार नियंत्रण आयोगाचा. हा निकाल मला न्याय्य वाटतो. समोर उघडी पडलेली पानं लक्षात ठेवणं हा गुन्हा असूच शकत नाही. नेवाडात मात्र मालकाला असा माणूस नाकारता येतो. पण न्यू जर्सीतही पुढे काय झालं? कॅट वाढले, हवं तेव्हा पिसण्याची मुभा मिळाली, देणं कमी करणारी टेबलं आली. माणूस आत राहिला, खेळच बदलला. कॅसिनोंनी मोजणीच्या पद्धतींशी झुंज घेतलीच नाही, त्यांना कापडावरची अक्षरं आणि ते रंगीत पान पुरेसं होतं.

आपल्याकडे यात एक जास्तीची फसवणूक आहे. शिकवण्या विकणारे फोनवरच्या खेळांसाठीही मोजणी शिकवतात. ज्या संगणकी ब्लॅकजॅकमध्ये दर डावाला नव्याने पिसलेला कॅट येतो, तिथे मोजायला काहीही नसतं. मागचा डाव पुढच्याला काही सांगत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो मला योग्य वाटतो. महाराष्ट्रात कॅसिनोंचा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं, हेही बरं झालं. उरतो गोवा. मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर गोव्याच्या रहिवाशांना जुगार खेळायला २०२० पासून बंदी आहे, म्हणजे तिथलं गिऱ्हाईक बाहेरचं, आणि त्यात आंबोली-चोर्ल्याचे घाट उतरून गेलेली आमची मुलंही आली.

त्यांना कुणी बांधून ठेवू शकत नाही. पण परवाना देणाऱ्या सरकारला एक अट घालता येईल. प्रत्येक ब्लॅकजॅकच्या टेबलावर ठळक पाटी असावी: किती कॅट आहेत, कितीव्या कॅटवर पुन्हा पिसतात, ब्लॅकजॅकला किती देतात, मऊ सतरावर (म्हणजे एक्का अकराचा धरून झालेल्या सतरावर) डीलर पान घेतो की थांबतो, पिसण्याचं यंत्र पानं लगेच आत ओढतं का. आणि या नियमांनी, कोष्टकानुसार खेळणाऱ्याचा शंभर रुपयांमागे सरासरी किती तोटा होतो, तो आकडा. तो काढणं कुठल्याही संख्याशास्त्र विभागाला एका दुपारचं काम आहे, आमच्यासारखे निवृत्त शिक्षक ते विनामोबदला करून देतील. पाटी इंग्रजीबरोबर कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदीत असावी, आणि पुढच्या परवाना नूतनीकरणापासून ती सक्तीची व्हावी.